बुंदीची सर्दी

“ही सर्दी नाही,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

जळगावच्या जनावरांच्या दवाखान्यात स्टीलच्या टेबलावर बुंदी आडवी पडली होती. माझी बायको सुलभा तिचं डोकं धरून उभी होती. मॅडमनी बुंदीच्या डोळ्यांतला चिकटा कापसाच्या काडीवर घेतला, छोट्या बाटलीतल्या द्रावणात घुसळला आणि त्याचे थेंब एका पांढऱ्या पट्टीवर टाकले. दहा मिनिटं आम्ही तिघं त्या पट्टीकडे बघत होतो. आधी एक रेघ उमटली. मग तिच्या शेजारी दुसरी.

“कॅनाइन डिस्टेंपर,” त्या म्हणाल्या आणि हातमोजे काढून टाकले.

हा कुत्र्यांचा विषाणूचा आजार आहे. आधी नाक, डोळे आणि छाती धरतो, मग पोट, आणि कधी कधी शेवटी मेंदू. सुरुवातीचे काही दिवस हुबेहूब सर्दीसारखा दिसतो. माणसाला होत नाही. एका कुत्र्याकडून दुसऱ्याला मात्र शिंकेतून, लाळेतून, एका भांड्यात खाण्यातून सहज जातो. त्या विषाणूला मारणारं औषध नाही. लस आहे.

“लसी झाल्यात?” मॅडमनी विचारलं.

“पिल्लू होती तेव्हा एक दिली होती.”

“पुढच्या?”

पुढच्या राहून गेल्या होत्या. मी तसं सांगितलं.

“शिंका सुरू होऊन किती दिवस झाले?”

“दहा.”

“मग दहा दिवस काय करत होतात?”

मी गेली एकतीस वर्षं पाचोऱ्यात एका मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे. दहा दिवस काय केलं ते मी एकेक करून सांगितलं. त्या कागदावर लिहीत होत्या. एका गोळीचं नाव आलं तेव्हा त्यांचं पेन थांबलं.

“ही तर माणसांची सर्दीची गोळी. ही तुम्ही कुत्रीला दिलीत?”

“अर्धी,” मी म्हणालो. “सकाळ-संध्याकाळ.”

सुलभानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती गोळी ताकदीची आहे असं मी तिला सांगितलं होतं.

हे लिहिताना मला काही बरं वाटत नाही. पण तुमच्या घरी कुत्रं असेल आणि आज सकाळपासून ते शिंकत असेल, तर पुढचं सगळं वाचा. आणि वाचायला वेळ नसेल तर राहू द्या, त्याला उचला आणि जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.

बुंदी आमच्याकडे आली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आमच्या मुलीचं लग्न होऊन ती सुरतेला गेली आणि घर रिकामं झालं. त्याच सुमारास सुलभा पारोळ्याला बहिणीकडे गेली होती. तिथल्या बाजारात एका मिठाईच्या गाड्याखाली हे पिल्लू झोपलेलं तिला दिसलं. अंगभर पिवळसर ठिपके, म्हणून बुंदी. पिशवीत घालून तिनं एसटीतून आणलं. मी दिवसभर दुकानात. सुलभा दिवसभर बुंदीशी बोलायची. भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना, सगळ्या गोष्टी तिला सांगायची. मी घरी आलो की गप्प व्हायची. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

जानेवारीतली गोष्ट. आमच्याकडे उन्हाळा जसा अंगावर येतो तशी ती आठ-पंधरा दिवसांची थंडीही अंगावर येते. एका सकाळी बुंदी ओट्यावर बसून शिंकत होती. नाकातून पाणी येत होतं.

“थंडी बाधली,” मी म्हणालो. “दोन दिवसांत उतरेल.”

आमच्या गल्लीत मला सगळे भाऊ म्हणतात. दुकानाची वेळ असो नसो, कोणी ना कोणी दारात येऊन अहिराणीत विचारतं, “भाऊ, खोकला शे, काय लेऊ?” मी सांगतो. बहुतेकांना बरं वाटतं. जे बरे होत नाहीत ते परत विचारायला येत नाहीत. एकतीस वर्षं असं गेलं की माणसाला आपण डॉक्टरच आहोत असं वाटायला लागतं. मला वाटत होतं.

पहिले तीन दिवस मी मजेत होतो, हे कबूल करतो. तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी केली आणि बुंदीची छाती शेकली. बाथरूममध्ये गरम पाण्याची बादली ठेवून दार लावलं आणि तिला वाफेत बसवलं. जुन्या पोत्यावर गोधडी घालून तिची जागा केली. कोमट पाण्यात हळद दिली. माणसांचा बाम तिच्या गळ्याला चोळला, ती डोकं झटकत राहिली. आता कळतं की कुत्र्याच्या नाकाला तो वास किती जाळत असेल. तेव्हा मी हसलो होतो.

तिसऱ्या दिवशी ताप आला. नाकाचा शेंडा कोरडा पडला, कान गरम झाले. तेव्हापासून ती गोळी सुरू केली. गुळाच्या खड्यात लपवून द्यायचो. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि बुंदी वाटीभर दूध प्यायली. मी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना सांगत सुटलो, कुत्रीची सर्दी घरच्या घरी कशी बरी केली ते.

डिस्टेंपरमध्ये ताप एकदा येऊन जातो आणि काही दिवसांनी परत येतो, हे मला नंतर मॅडमकडून कळलं. म्हणजे तो ताप माझ्या गोळीनं उतरलाच नसेल कदाचित. तो उतरणारच होता.

आणखी एक गोष्ट त्याच दिवसांत झाली. बुंदी समोरचं सगळं संपवत नव्हती. दूध-पोळी अर्धी उरायची. आमच्या शेजारी अक्का राहतात. एकट्याच असतात, वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या घराच्या बाजूला कापसाच्या पऱ्हाट्या रचून ठेवलेल्या असतात, चुलीसाठी. त्या सरपणाखाली त्यांच्या चांदी नावाच्या कुत्रीनं चार पिल्लं घातली होती. दीड महिन्याची झाली होती.

“वाया कशाला घालवतेस?” मी सुलभाला म्हणालो. “पिल्लांना घाल.”

पाच-सहा दिवस ती बुंदीचं उष्टं, बुंदीच्याच ताटलीतून, त्या पिल्लांपुढे ठेवत होती. पिल्लं ताटली चाटूनपुसून स्वच्छ करायची.

सातव्या दिवशी ताप परत आला. नाकातून पिवळा, घट्ट शेंबूड. सकाळी तिचे डोळे चिकटलेले असायचे, सुलभा ओल्या फडक्यानं सोडवायची. मग खोकला सुरू झाला. आठव्या दिवशी जुलाब.

“अहो, जळगावला नेऊ या,” सुलभा म्हणाली.

“सर्दी उतरताना असं होतं. कफ मोकळा होतोय.”

नवव्या दिवशी ती परत म्हणाली. मी परत तेच सांगितलं. दहाव्या दिवशी तिनं मला विचारलंच नाही. समोरच्या नानांकडे गेली आणि त्यांना गाडी काढायला सांगितली.

नाना पूर्वी ट्रक चालवायचे. आता घरीच असतात, जुनी ओम्नी आहे. त्यांना झोप कमी, आणि चांदीच्या भुंकण्याचा राग फार. महिनाभर आधी भर गल्लीत ते अक्कांना म्हणाले होते की हिला आवरा, नाहीतर मी एक दिवस औषध घालीन. सगळ्यांनी ऐकलं होतं. तेच नाना त्या दिवशी काही न विचारता चपला घालून बाहेर आले आणि त्यांनी मागच्या सीटवर घोंगडी अंथरली.

दवाखान्यात दोन रेघा दिसल्यावर मॅडमनी विचारलं, “घरात किंवा शेजारी आणखी कुत्री आहेत?”

मी त्या पट्टीकडे बघत राहिलो.

“चार पिल्लं आहेत,” सुलभा म्हणाली. “शेजारी. हिच्या ताटलीत जेवलीत.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून सावकाश म्हणाल्या, “आजच्या आज त्यांच्या मालकांना सांगा. पिल्लं इकडे आणू देत. ज्याला लागण झाली नसेल त्याला लस देता येईल. झाली असेल तर सलाईन, अँटिबायोटिक लवकर सुरू करता येईल. एखाददुसरं वाचेल. पण आज. आठवड्यानं नाही.”

“सांगतो,” मी म्हणालो.

गाडीत नानांनी विचारलं, “काय सांगं मॅडमनी?”

“इन्फेक्शन आहे,” मी म्हणालो.

मागून सुलभा म्हणाली, “घरी गेल्यावर आधी अक्कांकडे जा.”

“जातो.”

मी गेलो नाही.

का गेलो नाही, याचं उत्तर मी नंतर पुष्कळ शोधलं. दारापर्यंत गेलो होतो. अक्का अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “ये भाऊ, बुंदीले कसं शे?” पिल्लं पऱ्हाट्यांच्या बाहेर येऊन माझ्या चपलेशी खेळायला लागली. चारही ठणठणीत दिसत होती. मी म्हणालो, “बरं आहे,” आणि वळलो. ज्याला सगळी गल्ली औषध विचारते त्यानं तुमच्या पिल्लांना रोग दिला, हे तोंडातून निघेना. मनात म्हणालो, झालं नसेल त्यांना काही. उद्या बघू.

सुलभानं विचारलं, “सांगितलंत?”

“हो,” मी म्हणालो.

पुढचे दहा दिवस रोज जळगाव. नाना रोज सकाळी नऊला गाडी काढायचे. बुंदीच्या पुढच्या पायाला सुई लावून सलाईन. छाती मोकळी व्हावी म्हणून नेब्युलायझेशन, म्हणजे औषधाची वाफ यंत्रातून नाकावाटे देणं. विषाणूनं अशक्त झालेल्या शरीरात दुसरे जंतू शिरतात, त्यांच्यासाठी अँटिबायोटिक. दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही सलाईनचे थेंब मोजायचो. शेजारी कोणी बकरी घेऊन आलेलं असायचं, कोणी लठ्ठ लॅब्राडोर. डिस्टेंपर म्हटलं की लोक आपलं जनावर ओढून लांब बसायचे. बरोबरच होतं त्यांचं.

“आता वाट बघायची,” मॅडम म्हणाल्या. “छाती सुधारेल असं वाटतं. पण हा आजार दोन-तीन आठवड्यांनी मेंदूत जाऊ शकतो. गेला तर फिट्स येतात. तो काळ निघाला पाहिजे.”

तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं. एक पिल्लू शिंकत होतं.

पाचव्या दिवशी ते मेलं. पुढच्या चार दिवसांत दुसरं, तिसरं आणि चौथं. शेवटच्याला झटके येत होते, तोंडातून फेस येत होता, आणि ते गल्लीच्या मधोमध पाय झाडत मेलं. त्या फेसामुळेच सगळ्यांना वाटलं की हे विषाचंच काम.

अक्कांनी ते पिल्लू उचललं आणि नानांच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं.

“तूच औसद घालं!” त्या ओरडल्या. “तूच बोलेल व्हता ना, औसद घालसू म्हनीसन!”

नाना बाहेर आले. खाली बघत म्हणाले, “बोलनू व्हतू, अक्का. पन घालं नही.”

गल्ली जमली होती. नानांच्या बाजूनं कोणी बोलेना. मी माझ्या दारात उभा होतो, हातात बुंदीच्या औषधाची बाटली. अक्का माझ्याकडे वळल्या.

“भाऊ, तू सांग. तुले औसदमधलं समजस. हाई जहर नही ते काय शे?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नानाही. एक शब्द पुरला असता.

“मी काय सांगणार, अक्का,” मी म्हणालो.

नानांनी पिल्लू एका गोणपाटात गुंडाळलं आणि ते घेऊन गल्लीबाहेर गेले. त्या दिवसापासून त्यांच्या ओट्यावर कोणी बसायला जाईना. दूधवालासुद्धा त्यांच्याशी बोलेना.

मी आत आलो. सुलभा दाराआड उभी होती.

“तुम्ही सांगितलं नव्हतं.”

मी हातातली बाटली फळीवर ठेवली.

“तिसऱ्या दिवसापर्यंत पिल्लं बरी होती,” ती म्हणाली. “तीन दिवस होते त्यांच्याकडे. आत्ता बाहेर मी गप्प बसले, कारण तुम्ही माझा नवरा आहात. ह्याच्यानंतर बसणार नाही.”

आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता नानांची गाडी दारात उभी होती. मी बसलो. तीस-पस्तीस मैलांत त्यांनी चकार शब्द काढला नाही.

बुंदी सुधारली. हीच सगळ्यात क्रूर गोष्ट. तिसऱ्या आठवड्यात नाक कोरडं झालं, डोळे उघडले, खोकला थांबला. एका दुपारी ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि सुलभाच्या हातून मुगाची खिचडी खाल्ली. सुलभा हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी मॅडमना फोन केला.

“अजून आनंद करू नका,” त्या म्हणाल्या.

चार दिवसांनी बुंदी ओट्यावर बसली होती आणि तिचा जबडा हलत होता. काहीतरी चघळावं तसा. मी बोट घालून पाहिलं, तोंडात काहीच नव्हतं. तोंडातून लाळ गळत होती आणि ती माझ्याकडे बघत होती, जणू हे कोण करतंय असं मलाच विचारत होती.

याला च्युइंग गम फिट म्हणतात. आजार मेंदूत गेल्याची ती खूण.

मग पूर्ण फिट्स सुरू झाल्या. आधी दिवसातून एक, मग चार, मग मोजणं सोडून दिलं. मधल्या वेळात मागचा डावा पाय एकसारखा उडायचा, झोपेतसुद्धा. याला मायोक्लोनस म्हणतात, म्हणजे स्नायू आपोआप झटके देत राहणं. पायाचे तळवे लाकडासारखे कडक झाले होते. चालताना फरशीवर टकटक वाजायचे. फिट्सची औषधं दिली. ती दिली की नुसती पडून राहायची, आणि पडल्या पडल्या पाय उडत राहायचा.

एका फिटनंतर तिला काही दिसेनासं झालं. भिंतीवर आपटत फिरू लागली. सुलभानं तिला जवळ घ्यायला हात पुढे केला तर ती चावली. जोरात, हाड लागेपर्यंत. मग सुलभाचा आवाज ओळखला आणि शेपूट हलवली. सुलभाच्या हातातून रक्त गळत होतं आणि ती “नाही गं, नाही गं, काही नाही झालं” असं म्हणत होती. त्या हातासाठी तिला सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली.

मॅडमनी फोनवर युथेनेशियाचं विचारलं. म्हणजे बरं न होणाऱ्या जनावराला इंजेक्शन देऊन वेदनेशिवाय मरण देणं. मी लगेच हो म्हणालो. सुलभा नाही म्हणाली.

“तिचे हाल बघ,” मी म्हणालो.

“बघतेय. दिवसभर मीच बघतेय.” मग म्हणाली, “आजारी होती तेव्हा दहा दिवस तुम्हाला घाई नव्हती. आता घाई झाली?”

 खरं सांगायचं तर मला बुंदीची दया येत होती आणि त्याहून जास्त मला ते घरातून जायला हवं होतं. ती टकटक, तो जबडा, सगळं. ते सुलभाला दिसत होतं.

आणखी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी बुंदीला एका पाठोपाठ तीन फिट्स आल्या. तिसरी संपल्यावर ती स्वतःच्या लघवीत पडून कण्हत होती. सुलभानं तिला पुसलं, कोरड्या चादरीत गुंडाळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “नानांना गाडी काढायला सांगा.”

दवाखान्यात मी मॅडमना विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना. “पहिल्या दिवशी आणली असती तर वाचली असती?”

“हो म्हणाले तर तुम्हाला आयुष्यभर त्रास होईल,” त्या म्हणाल्या. “नाही म्हणाले तर खोटं होईल. मला माहीत नाही. त्या गोळीनं हा आजार झाला नाही. तिच्या लिव्हरला त्रास झाला, आणि दहा दिवस गेले. लसी पूर्ण झाल्या असत्या तर बहुतेक झालाच नसता, एवढं नक्की.” सिरिंज भरता भरता त्यांनी विचारलं, “त्या पिल्लांचं काय झालं?”

“गेली,” मी म्हणालो.

“सांगितलं होतंत ना वेळेवर?”

“नाही,” सुलभा म्हणाली. “ह्यांनी सांगितलं नाही.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिलं इंजेक्शन गुंगीचं. ते गेलं आणि थोड्या वेळानं बुंदीचा मागचा पाय थांबला. बारा दिवसांत पहिल्यांदा ती शांत पडली होती. सुलभानं पट्टी बांधलेला हात तिच्या कानावर ठेवला आणि वाकून काहीतरी सांगत राहिली. काय ते मला ऐकू आलं नाही. मग दुसरं इंजेक्शन. मॅडमनी स्टेथोस्कोप लावला, मान हलवली आणि खोलीबाहेर जाऊन आम्हाला वेळ दिला.

पाचोऱ्याबाहेर नानांचं थोडं शेत आहे. कापूस वेचून झाला होता. बांधाशी नानांनी खड्डा खणायला घेतला. मी म्हणालो, मी खणतो. ते म्हणाले, तुला जमणार नाही. ऊन अजून बरंच होतं. सुलभा बुंदीला घेऊन गाडीतच बसून होती.

खड्डा गुडघ्याएवढा झाला तेव्हा मी बोललो. “नाना, ती पिल्लं ह्याच आजारानं गेली. बुंदीचं उष्टं खाऊन. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

नानांचं फावडं थांबलं नाही.

“माले म्हाइत शे,” ते म्हणाले.

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या कंपाउंडरनं त्यांना बाहेर येऊन सांगितलं होतं, की सीट ब्लीचच्या पाण्यानं पुसून घ्या, हा रोग दुसऱ्या कुत्र्याला लागतो. आणि पिल्लं शिंकताना नानांनीही पाहिली होती.

“मग तुम्ही अक्कांना सांगितलं का नाही? त्या तुमच्या दारात येऊन...”

“पिल्लं शिंकनीत तव्हय माले वाटनं, तू सांगेल व्हई. आनि ती दारमा ऊनी तव्हय मना शब्द कोन मानतं?” त्यांनी घाम पुसला. “तुना शब्द बठ्ठी गल्ली मानस. मी वाट दखी राहिंतू, भाऊ. तू कव्हय बोलस ते.”

रोज सकाळी नऊ वाजता. तीस-पस्तीस मैल जाताना आणि तेवढेच येताना. माझ्या शेजारी बसून ते वाट बघत होते.

खाली मीठ टाकून आम्ही बुंदीला ठेवलं. सुलभानं पहिली माती लोटली.

गल्लीत पोचल्यावर मी घरी न जाता अक्कांकडे गेलो. या वेळी सुलभा बरोबर आली. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी त्याना दारमा मरेल पिल्लू ठेवं,” त्या म्हणाल्या. “आनि तू उभा व्हता.”

“हो.”

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि गल्ली ओलांडून नानांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत, हाकही मारली नाही. बऱ्याच वेळानं नानांनी दार उघडलं.

आज काउंटरवर कोणी कुत्र्याच्या सर्दीचं विचारलं तर मी औषध देत नाही. माणसाच्या मुलाच्या तापाचं विचारलं तरी आधी डॉक्टरला दाखवा म्हणतो. गिऱ्हाईक नाराज होतं, शेजारच्या दुकानात जातं. जाऊ दे. तुम्हाला मी एवढंच सांगेन: कुत्रं शिंकलं, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, खाणं सोडलं, तर घरची पेटी उघडू नका. ऊब द्या, पाणी द्या, भांडी वेगळी करा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कार्ड काढून बघा, लसी पूर्ण आहेत का. आणि रोग कळला की आधी शेजाऱ्याला सांगा. लाज वाटली तरी सांगा. ती लाज दोन दिवसांची असते.

मॅडमचे मी उपकार मानतो. त्यांनी मला एकदाही “तुमची चूक नाही” म्हटलं नाही. नानांचे किती मानू ते मला कळत नाही. सुलभा माझ्याशी बोलते. जेवायला वाढलंय, गॅस संपलाय, मुलीचा फोन होता, एवढं.

फेब्रुवारीच्या शेवटी मॅडम एका रविवारी आमच्या गल्लीत आल्या. मीच विनंती केली होती. गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना लस द्यायची होती. आमच्या ओट्यावर टेबल मांडलं. लोक आपापली कुत्री दोरीला बांधून घेऊन आले. सुलभा नावं लिहून घेत होती. शेवटी अक्का आल्या, चांदीला घेऊन. आई वाचली होती. तिला पूर्वी कधीतरी हा आजार होऊन गेला असेल, असं मॅडम म्हणाल्या.

चांदी घाबरली होती, मागे ओढत होती. तिचं तोंड धरायला मी पुढे झालो.

अक्कांनी दोरी आपल्याकडे खेचली.

“तू नको, भाऊ. नाना धरी.”

नाना आले, खाली बसले आणि त्यांनी चांदीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मी बाजूला झालो.